एक्सरे साफ, दुखरी दाढ सापडेना: गाभ्याच्या आणि मुळाभोवतीच्या आजारांचं निदान कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: रुग्णाच्या खालच्या जबड्यात उजवीकडे चार दिवसांपासून ठणका आहे. रात्री वाढतो. नेमकी दाढ दाखवता येत नाही. गार पाण्याचा घोट तोंडात धरला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खालच्या उजव्या पहिल्या दाढेत जुनं मोठं फिलिंग आहे, दुसऱ्या दाढेत जराशी कीड. एक्सरेत काही नाही. थंडाची चाचणी दोन्ही दाढांना 'पॉझिटिव्ह'. त्याच बाजूच्या वरच्या पहिल्या दाढेला कॅप आहे, पण तिथे तक्रार नाही. फिलिंगवाली दाढ उघडावी का?

अजून नाही. या वर्णनात सगळ्यात बोलकी गोष्ट गार पाण्याच्या घोटाची आहे आणि नेमकी तीच चाचणीत वापरलेली नाही. गाराने बरं वाटतं याचा अर्थ उष्णतेने दुखणारा, बराच बिघडलेला गाभा कुठेतरी आहे. तपासणी मात्र फक्त थंडाने झाली, तीही फक्त खालच्या दोन दाढांची. रुग्णाची तक्रार तुमच्या हाताखाली, एकाच दातावर, जशीच्या तशी उमटली पाहिजे. ती उमटत नाही तोवर ड्रिल हातात घ्यायचं नाही.

रुग्णाला दाढ दाखवता येत नाही, यात त्याची चूक नाही. गाभ्यात, म्हणजे लोक ज्याला 'नस' म्हणतात त्या पल्पमध्ये, वेदना नेणारे तंतू असतात, पण जागा सांगणारे संवेदक नसतात. ते मुळाभोवतीच्या पडद्यात, पेरिओडॉन्टल लिगामेंटमध्ये असतात. त्यामुळे सूज गाभ्यापुरती असते तोवर दुखणं जबडाभर फिरतं. कधी कानात जातं, कधी वरच्या दाढेचं खाली जाणवतं आणि खालच्याचं वर. सूज मुळाच्या टोकाबाहेर पडली की रुग्ण बोट ठेवून दात दाखवतो. गाभ्याचं दुखणं मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला सहसा जात नाही, पण त्याच बाजूला वर-खाली नक्की फसवतं. म्हणून 'खाली दुखतंय' ही तक्रार नोंदवा, तिला निदान समजू नका.

निदान लिहिताना दोन नावं लागतात: एक गाभ्याच्या अवस्थेचं, दुसरं मुळाच्या टोकाभोवतीच्या ऊतींचं. अमेरिकन असोसिएशन ऑफ एन्डोडॉन्टिस्ट्सची २००९ सालची नावं बऱ्याच ठिकाणी वापरली जातात. गाभ्यासाठी: निरोगी, रिव्हर्सिबल पल्पायटिस म्हणजे कारण हटलं की बरी होणारी गाभ्याची सूज, लक्षणं असलेला किंवा नसलेला इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस म्हणजे आता न ओसरणारी सूज, नेक्रोसिस म्हणजे मेलेला गाभा, आधी रूट कॅनॉल झालेला आणि उपचार अर्धवट सुरू केलेला. टोकासाठी: निरोगी, लक्षणं असलेला किंवा नसलेला एपिकल पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे मुळाच्या टोकाभोवतीची सूज, अॅक्यूट गळू, क्रॉनिक गळू आणि कन्डेन्सिंग ऑस्टायटिस, म्हणजे मुळाभोवती हाड दाट होऊन एक्सरेत पांढरं दिसणं. 'दाढ दुखते, आरसीटी (रूट कॅनॉल)' ही केसपेपरवरची नोंद निदान नव्हे. दोन्ही नावं लिहायला बसलं की चाचणी कुठे राहिली ते आपोआप दिसतं.

हत्यार उचलण्याआधी विचारायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या नीट विचाराव्या लागतात. दुखणं आपोआप सुरू होतं की काही लागल्यावर? गार-गरम लागून सुरू झालं तर गार-गरम दूर केल्यावर किती वेळ टिकतं? झोपेतून उठवतं का? आडवं झाल्यावर वाढतं का? चावताना दुखतं की दात उचलताना? शेवटची वेदनाशामक गोळी कधी घेतली? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. आयबुप्रोफेनसारखी गोळी तासाभरापूर्वी घेतली असेल तर ठोकल्यावरचं दुखणं आणि थंडाचा प्रतिसाद दोन्ही बोथट होतात आणि तुम्ही आजारी दाढेला निरोगी ठरवून बसता. दुखणं सोसण्यासारखं असेल तर गोळीचा असर उतरल्यावर पुन्हा तपासा.

मग बघणं आणि हात लावणं. ओठ-गाल बाजूला करून हिरडीचा उतार बोटाच्या टोकाने चाचपा, दोन्ही बाजूंनी, एका वेळी एकच दात. आरशाच्या दांडीने हलकेच ठोका, आधी उभं, मग आडवं, आणि सुरुवात संशयित दाढेपासून करू नका. आधी पलीकडच्या बाजूची तीच दाढ, मग शेजारची, शेवटी संशयित. रुग्णाला 'साधं' कसं वाटतं हे कळलं की त्याचं उत्तर भरवशाचं होतं. ठोकल्यावर दुखणं हे मुळाभोवतीच्या पडद्याला सूज असल्याचं लक्षण आहे, गाभा मेल्याचं नव्हे. चार दिवसांपूर्वी भरलेलं फिलिंग किंचित उंच राहिलं तरी दाढ ठोकल्यावर दुखते. अशा वेळी आर्टिक्युलेटिंग पेपरने, म्हणजे दात कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या रंगीत कागदाने, उमटलेली एक ठळक खूण घासून काढली की काम होतं.

आता थंडाच्या चाचणीबद्दल जरा सविस्तर, कारण निम्म्या चुका इथेच होतात.

बर्फाची कांडी टाळा. ती पुरेशी गार नसते आणि वितळलेलं पाणी शेजारच्या दाताच्या हिरडीवर ओघळून खोटं उत्तर देतं. टेट्राफ्लोरोइथेनचा फवारा घ्या, त्याचं तापमान उणे २६ अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. फवारा कापसाच्या मोठ्या, सैल बोळ्यावर मारा. बोळा चिमट्यात धरा. काडीवर घट्ट गुंडाळलेल्या कापसात द्रव पुरेसा मुरत नाही आणि थंडावा चटकन उतरतो. दात कापसाने वेगळा करून कोरडा करा, बोळा गालाकडच्या पृष्ठभागाच्या मधल्या भागावर, हिरडीला न लागता टेकवा आणि रुग्णाला हात वर करायला सांगा: जाणवलं की वर, थांबलं की खाली. जाणवेपर्यंत किंवा साधारण दहा सेकंदांपर्यंत बोळा तसाच ठेवा. कापूस उचलला की घड्याळाकडे बघा.

नोंदवायच्या गोष्टी तीन: जाणवलं का, किती तीव्र आणि किती सेकंद टिकलं. 'पॉझिटिव्ह' या एका शब्दात तिन्ही बुडून जातात. निरोगी दाताला कळ येते आणि कापूस काढल्यावर एक-दोन सेकंदांत जाते. रिव्हर्सिबल पल्पायटिसमध्ये सणक जोरात असते, पण कारण हटलं की लगेच शमते. इर्रिव्हर्सिबलमध्ये कळ रेंगाळते, बरेचदा तीस सेकंदांच्या वर, आणि तिचा पोत बदलतो: सुरुवातीची टोकदार सणक मागे पडून बोथट, ठसठसणारा ठणका राहतो. सणक ए-डेल्टा या जलद वेदनातंतूंची, ठणका सी या मंद तंतूंचा. गाभा पूर्ण मेला की काहीच जाणवत नाही. तीस सेकंदांच्या आकड्याला मात्र कायदा समजू नका. ज्या माणसाच्या सगळ्याच दातांना कळ दहा सेकंद टिकते, त्याच्याकडे एका दाताला वीस सेकंद टिकणं वेगळं वाचावं लागतं. पलीकडच्या दाताशी तुलना त्यासाठीच.

इलेक्ट्रिक पल्प टेस्टरचा, म्हणजे दाताला हलका विजेचा प्रवाह देऊन गाभा दाद देतो का ते बघणाऱ्या यंत्राचा, उपयोग शंका राहिली तर. यंत्रावरचा आकडा गाभ्याच्या प्रकृतीचं मोजमाप नव्हे. उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढंच घ्यायचं. धातूच्या कॅपवर तो निरुपयोगी आहे, आणि ओल्या दातावर किंवा शेजारच्या धातूच्या फिलिंगला टेकला तर प्रवाह दुसरीकडे जाऊन खोटा होकार मिळतो. मुळाचं टोक अजून उघडं असलेल्या कोवळ्या दातात तो खोटा नकार देतो, कारण तिथे मज्जातंतूंचं जाळं पूर्ण झालेलं नसतं. अशा दातात थंडावर जास्त भिस्त ठेवा.

आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या: या सगळ्या चाचण्या मज्जातंतूंना विचारतात, रक्ताभिसरणाला नाही. मार लागलेला पुढचा दात कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, थंडाला दाद देत नाही, तरी आत रक्त वाहत असतं. केवळ प्रतिसाद नाही म्हणून असा दात उघडू नका. रंग बदलणं, हिरडीवर पुळी येणं, एक्सरेत टोकापाशी काळेपणा, कोवळ्या मुळाची वाढ थांबणं, यांपैकी निदान एक जोडीला असावं. उलट बहुमुळी दाढेत एका कॅनॉलमधला गाभा मेलेला आणि दुसऱ्यातला जिवंत असू शकतो. तिथे चाचणी 'हो' म्हणते आणि एक्सरेत एका मुळाला काळी सावली दिसते. दोन्ही खरं असतं.

उष्णतेची चाचणी रोज लागत नाही. पण 'चहा प्यायला की ठणका, गार पाण्याने आराम' असं रुग्ण सांगत असेल तर तीच करायची. उत्तम पद्धत रबर डॅमची, म्हणजे दात वेगळा करणाऱ्या रबराच्या पातळ पडद्याची: एका वेळी एकच दात डॅमबाहेर काढायचा, रुग्णाला ज्याने दुखतं तितपत गरम पाणी सिरिंजने त्यावर सोडायचं आणि थांबायचं. उष्णतेचा प्रतिसाद उशिरा येऊ शकतो. लगेच पुढच्या दाताकडे वळलात तर मागच्याचं दुखणं पुढच्याच्या नावावर पडतं. म्हणून दोन दातांमध्ये काही मिनिटं जाऊ द्या, आणि ठणका सुरू झाला तर त्याच दातावर गार पाणी सोडून बघा. गार पाण्याने थांबला तर रुग्णाची घरची तक्रार तुम्ही खुर्चीवर जशीच्या तशी उभी केलीत. गटापर्चाची, म्हणजे रूट कॅनॉल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची, कांडी गरम करूनही चाचणी होते. मग दातावर आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, नाहीतर गटापर्चा चिकटून भाजेल, आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. कॅप असलेल्या दाताला मात्र गरम पाणीच बरं, कारण ते सगळ्या बाजूंनी लागतं.

एक्सरे साफ आहे म्हणून दाढ निरोगी, हा तर्क सोडून द्या. इर्रिव्हर्सिबल पल्पायटिसमध्ये सूज गाभ्यात असते, हाडात अजून काही घडलेलंच नसतं, त्यामुळे एक्सरे साफच असायचा. नुकत्याच झालेल्या अॅक्यूट गळूतही तो साफ असू शकतो. बेन्डर आणि सेल्ट्झर यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं की आतल्या स्पंजासारख्या हाडातली झीज बाहेरच्या कठीण थरापर्यंत पोचल्याशिवाय साध्या फिल्मवर उमटत नाही. खनिजाचा ३० ते ५० टक्के ऱ्हास झाल्यावरच सावली दिसते असं धरलं जातं. खालच्या दाढांच्या जागी बाहेरचं हाड जाड असल्याने हा घोटाळा तिथे जास्त.

म्हणून एका फिल्मवर थांबू नका. एक सरळ, दुसरी एक्सरेची नळी आडवी १५-२० अंश सरकवून, आणि कीड किंवा फिलिंगची खोली पाहायला एक बाइटविंग, म्हणजे वरच्या-खालच्या दातांचे माथे एकत्र दाखवणारी फिल्म. दुसऱ्या कोनाने दोन गोष्टी उलगडतात. एकामागे एक लपलेली मुळं वेगळी होतात: नळी ज्या बाजूला सरकवली त्याच बाजूला सरकलेलं ते जिभेकडचं, उलट सरकलेलं ते गालाकडचं. दुसरं, काळा डाग मुळाचाच आहे की शेजारच्या हाडातल्या एखाद्या नैसर्गिक भोकाचा (फोरामेनचा), ते कळतं. खालच्या उपदाढांच्या टोकापाशी दिसणारं मेंटल फोरामेन आणि वरच्या पटाशीच्या दातांमधलं इन्सायझिव्ह फोरामेन कोन बदलला की टोकावरून बाजूला सरकतं. खरी सावली मुळाला चिकटून राहते. तरी संशय फिटत नसेल तर लहान फील्डचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन.

खालच्या पटाशीच्या दातांच्या टोकांशी अनेक काळे डाग आणि सगळे दात थंडाला नीट दाद देताहेत, असं चित्र दिसलं तर हात आवरा. तो बहुतेक सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेजिया, म्हणजे हाडातला गाभ्याशी संबंध नसलेला बदल, असतो, त्याला रूट कॅनॉलची काहीच गरज नसते. मोठ्या काळ्या डागाशेजारचे दात जिवंत असणं ही नेहमीच थांबण्याची खूण आहे. ते कुठलं तरी सिस्ट किंवा गाठ असू शकते आणि तिथे बायॉप्सीचा रस्ता धरायचा.

हिरडीवर पुवाची पुळी असेल तर ती कोणत्या दाताची हे अंदाजाने ठरवू नका. पुळी उगवते त्या जागेवरचा दात गुन्हेगार असेलच असं नाही. २५ किंवा ३० नंबरची गटापर्चा कांडी घ्या, पुळीच्या तोंडातून हलक्या हाताने आत सरकवा, अडखळली की थांबा, जोर लावू नका. मग एक्सरे. कांडीचं टोक ज्या मुळाशी पोचलं तो दात. पुळी फुटून वाट झालेली असते म्हणूनच क्रॉनिक गळू सहसा दुखत नाही, आणि तिथे ठोकूनही फारसं काही मिळत नाही.

हिरडी आणि दातामधला प्रोब, म्हणजे खोली मोजायची खुणांची बारीक सळई, हा निदानातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा पुरावा आहे. दाताभोवती सगळीकडे फिरवा, मिलिमीटर मिलिमीटरने. सगळीकडे २-३ आणि एकाच अरुंद जागी धपकन ८-९ मिलिमीटर, असं झालं तर मुख्य शक्यता दोन: मुळाच्या टोकाचा पू हिरडीच्या फटीतून बाहेर येतोय, किंवा मूळ उभं तडकलंय. गाभा मेलेला असेल तर पहिली शक्यता बळावते आणि रूट कॅनॉलनंतर तो खड्डा भरून येतो. रूट कॅनॉल झालेला, पोस्ट (मुळात बसवलेली आधाराची खुंटी) घातलेला दात असेल, एक्सरेत मुळाच्या टोकापासून बाजूने वर चढणारी जे-आकाराची सावली असेल, तर तडा समजा. रुंद आणि बऱ्याच जागी खोल खड्डे आणि थंडाला नीट प्रतिसाद, हे हिरडीच्या आजाराचं चित्र. तिथे रूट कॅनॉलने काहीही साधणार नाही.

तडकलेली जिवंत दाढ वेगळीच छळते. कधी दुखते, कधी नाही, आणि रुग्ण सांगतो की कडक काही चावताना नाही, सोडताना कळ येते. चाचणीची प्लास्टिकची चावणी एका वेळी एकाच कुस्पावर, म्हणजे दाढेच्या एकाच टोकावर ठेवा, चावायला सांगा, मग झटकन सोडायला सांगा. कोणत्या टोकावर, कोणत्या क्षणी कळ आली ते लिहा. मग प्रखर प्रकाश दाताला बाजूने लावा: खोल तड्याशी प्रकाश अडतो आणि पलीकडचा भाग काळवंडतो. वरवरच्या रेघा मात्र बहुतेक मोठ्या माणसांच्या दातांत असतात, त्यांतून प्रकाश आरपार जातो. त्यांनी घाबरू नका.

दाढेचं नसलेलं दुखणंही इथेच ओळखायचं. वरच्या पाठीमागच्या तीन-चार दाढा एकदम ठोकल्यावर दुखतात, सगळ्या थंडाला नीट दाद देतात आणि वाकल्यावर जडपणा वाढतो, तर सायनस बघा. उलटही लक्षात ठेवा: एकाच बाजूचा, दुर्गंधी असलेला सायनसचा त्रास बरेचदा मेलेल्या वरच्या दाढेमुळे असतो. चेहऱ्याला हात लागताच विजेसारखी, काही सेकंदांची कळ म्हणजे ट्रायजेमिनल न्युराल्जिया. गालाचा मासेटर स्नायू दाबल्यावर 'हेच, हेच दुखणं' असं रुग्ण म्हणाला तर दाढ सोडा. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, अशा रुग्णाला दाताच्या खुर्चीवर ठेवू नका, हृदयाची तपासणी आधी.

आता तुमचा रुग्ण. क्रम असा ठेवा. पहिलं, खालच्या दोन्ही दाढांची थंडाची चाचणी पुन्हा, सेकंद मोजून, डावीकडच्या दाढांशी तुलना करून. दोघींची कळ दोन सेकंदांत जात असेल तर त्या दोघी जवळपास सुटल्या. दुसरं, वरच्या कॅपवाल्या दाढेवर तीच चाचणी. कॅपमधून थंडावा पोचायला वेळ लागतो, म्हणून बोळा जास्त वेळ टेकवा, शक्य असेल तर कॅपच्या कडेला उघड्या दातावर. तिला प्रतिसादच नसेल तर संशय वर सरकला. तिसरं, रबर डॅम आणि गरम पाणी: वरची कॅपवाली, तिच्या शेजारच्या, मग खालच्या. ठणका सुरू झाला आणि गार पाण्याने थांबला, तर दाढ सापडली. गाभ्याचं नाव लक्षणं असलेला इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस, टोकाचं नाव ठोकून जे मिळेल ते. उपचाराचा निर्णय त्यानंतर: पूर्ण रूट कॅनॉल, की गाभा उघडल्यावर मुळातलं रक्त सहज थांबतंय असं दिसलं तर मुळातला गाभा राखून पल्पोटॉमी. थंडाला मुळीच दाद न देणाऱ्या दाढेत हा दुसरा पर्याय सहसा उरत नाही.

गरम पाण्यानेही काही उमटलं नाही, तर निवडक भूल द्या. खालच्या जबड्याला ब्लॉक, म्हणजे त्या बाजूची मुख्य नस बधिर करणारं इंजेक्शन, दिला, ओठ बधिर झाला, तरी ठणका तसाच असेल तर खालची दाढ निर्दोष. ठणका गेला तर दुखणं खालचंच, पण दोघींपैकी कोणती, हे ब्लॉक सांगणार नाही. वर संशय असेल तर पुढच्या दातापासून एकेक इन्फिल्ट्रेशन, म्हणजे एकाच दाताजवळ भूल, करत मागे या आणि प्रत्येकानंतर थांबा. हे सगळं करताना रुग्णाला ठणका चालू असला पाहिजे, नाहीतर भुलेने काय थांबवलं हे कळायचं कसं?

आणि एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर दात उघडायचा नाही. वेदनाशामक द्या, आठवड्याच्या आत पुन्हा बोलवा आणि ठणका वाढला तर लगेच यायला सांगा. अँटिबायोटिक देऊ नका, नुसत्या पल्पायटिसला ते लागू पडत नाही. पल्पायटिस फार दिवस लपून राहत नाही. सूज मुळाबाहेर पडली की रुग्ण स्वतःच बोट ठेवून दाढ दाखवतो. ताप, तोंड न उघडणं, जिभेखाली किंवा हनुवटीखाली फुगणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यांपैकी काही झालं तर मात्र फोन करत बसू नका, सरळ रुग्णालयात जा, हे त्याला लिहून द्या.